लीलाबाईंचा अभिप्राय

१

मावळात वेबसाइट लाँच करायची म्हणजे नुसतं बटण दाबून भागत नाही. नारळ लागतो, पेढे लागतात, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस लागतं आणि मुहूर्त तर लागतोच लागतो. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसून रेणुकानं मोठ्या मोठ्या बँकांची पानं बनवली होती, पण तिथं कुणी कधी लॅपटॉपला हार घातला नव्हता. नोकरी सोडून ती भाजे गावी सासरी आली, स्वतःचं काम सुरू केलं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं कीबोर्डवर असा गुलाल उधळला की पुढं कितीतरी दिवस तिची सगळी ईमेलं गुलाबी जायची म्हणतात.

घराच्या माळ्यावरची खोली हेच तिचं ऑफिस. समोर विसापूरचा कडा, खाली सासूबाई चिमाबाईंच्या कोंबड्या. नवरा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर. नोकरी सोडताना नवरा-बायकोत साधं ठरलं होतं. वर्षभरात हितं बस्तान बसलं तर बसलं, नाहीतर पुन्हा चिंचवडातली भाड्याची खोली आणि सकाळची कंपनीची बस. त्या बसचं नुसतं नाव निघालं तरी रेणुका विषय बदलायची. वर्ष संपत आलं होतं आणि आता कुठं कामं धडाधडा यायला लागली होती. खंडाळ्याच्या बाजीरावांचा भाड्यानं द्यायचा बंगला, बेडशाच्या राजेश्वरीची गुलाबाची शेड, आणि शेवटी सगळ्यांत मानाचं काम, भाज्यातल्या घरगुती मुक्कामाच्या घरांची मिळून एक वेबसाइट. तीत खुद्द चिमाबाईंची पुढची खोलीही होती. ही वेबसाइट उभी राहिली की बस कायमची सुटली.

रेणुकाची कामाची एक पद्धत होती. स्लॅब टाकताना आधी फळ्यांचा साचा उभा करतात, तसा तिचा वेबसाइटचा साचा तयार असे. हितं फोटो, हितं भाडं, हितं पाहुण्यांचे अभिप्राय. पण रिकामे चौकोन दाखवले की गिऱ्हाईक घाबरायचं, “ताई, हितं तर कायच न्हाई की!” म्हणून तिनं चौकोन भरायला एक पाहुणी बनवून ठेवली होती. करड्या रंगाचं गोल डोकं, खाली खांदे, नाक-डोळे काही नाही. नाव, सौ. लीलाबाई. ‘सौ.’ लावलं की जरा घरंदाज वाटतं. त्याखाली दोन वाक्यं. ‘जागा फार आवडली. मी पुन्हा येईन.’

लाँचच्या आधी लीलाबाईंना काढायचं आणि खऱ्या पाहुण्यांना बसवायचं. लीलाबाईंनी असे कितीतरी वेबसाइटींवर चार दिवसांचे संसार केले होते आणि मुकाट्यानं निघून गेल्या होत्या.

बाजीरावांच्या बंगल्यावर मात्र घोटाळा झाला. पाटावर लॅपटॉप, पुढं नारळ, आणि बटणाचा मान नव्वदीच्या कोंडाजीआबांचा, म्हणजे बाजीरावांच्या वडलांचा. लीलाबाई अजून पानावर होत्या. रेणुका म्हणाली, “आबा, जरा थांबा, एवढं एक काढते.”

“थांबा काय थांबा? मुहूर्त चाललाय का न्हाई?” म्हणत आबांनी एंटर असा हाणला की शेजारचा नारळ आपसूक फुटला. टाळ्या झाल्या, पेढे झाले, मग मटणाचं जेवण झालं. जेवल्यावर लीलाबाई रेणुकाच्या डोक्यातून साफ गेल्या.

२

पुढच्याच आठवड्यात बाजीरावांचा फोन आला.

“ताई, काय जादू केली वो? शनिवार-रविवारचं सोडा, मंगळवारी बी माणसं येत्यात! शेजारचा बंगलेवाला माझ्याशी बोलंना झालाय.”

रेणुकाची मान इतकी ताठ झाली की माळ्याच्या वाशाला लागली.

“आन तुमच्या लीलाबाई बी आल्यात बरं का.”

“कोण लीलाबाई?”

“आता! तुमीच लिवलंय की. पुन्हा येईन म्हनल्या, आल्या. शब्दाच्या पक्क्या हायेत. मागली खोली दिलीय त्यांना.”

रेणुका हसली. बाजीराव तसा चेष्टेखोर गडी. त्यानं एकदा मुंबईच्या पाहुण्यांना खंडाळ्याचं धुकं पिशवीत भरून दिलं होतं आणि ‘घरी जाऊन फ्रीजमध्येच उघडा’ असं बजावलं होतं, हे सगळ्या घाटाला ठाऊक आहे. वेबसाइटवरचं नाव वाचून फिरकी घेतोय झालं, असं मनाशी म्हणत तिनं लॅपटॉप उघडला आणि राहून गेलेलं काम उरकलं. लीलाबाईंना पानावरून पुसून टाकलं.

चहा निवायच्या आत पुन्हा फोन. आता बाजीरावांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“ताई, तुमी काय केलं?”

“का? काय झालं?”

“बाई बोलायच्या थांबल्या. आता नुसत्या चालत्यात खोलीत. भितीला हात लावून, गोल गोल. कायतरी हारवल्यागत. ऐका.”

त्यांनी फोन दाराशी धरला असावा. रेणुकाला आधी धुक्यात ठिबकणारी पागोळी ऐकू आली. मग त्या पागोळीच्या आवाजामागं एक खरखर. चुन्याच्या भिंतीवरून कोरडा तळवा फिरत होता. जवळ येत होता, लांब जात होता, जवळ येत होता. कुठंच थांबत नव्हता.

आपण काय करतोय हे स्वतःला न विचारता रेणुकानं पुसलेलं पुन्हा पानावर आणून ठेवलं. करडं डोकं, नाव, दोन वाक्यं.

खरखर थांबली.

“हां,” बाजीराव म्हणाले, “बसल्या.”

३

रेणुकाचं डोकं हिशेबी होतं. योगायोग आहे, ती म्हणाली. कुणी म्हातारी पाहुणी असेल. हिंडली, थकली, बसली. आणि बसायची वेळ माझ्या बटणाशी जुळली.

राजेश्वरीच्या वेबसाइटला तिनं डोळ्यांत तेल घातलं. बेडशाच्या लेण्यांखाली राजेश्वरीची गुलाबाची शेड. तिथं मुहूर्ताची घाई नव्हती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या, राजेश्वरीच्या वडलांनी चष्मा पुसून पान वरपासून खालपर्यंत वाचलं, एक चूक काढली, आणि मगच बटण दाबलं. लीलाबाईंचा त्यात मागमूस नव्हता. रेणुकानं आतबाहेर तपासून पाहिलं होतं.

ही वेबसाइट बाजीरावांच्या वेबसाइटपेक्षा जोरात चालली. दादरचे फुलवाले, लग्नांचे मांडववाले, शनिवारी शेड बघायला येणारी कुटुंबं. “अगं, गुलाब कळी धरायच्या आत विकले जातायत!” राजेश्वरी फोनवर नाचत होती म्हटलं तरी चालेल. आणि नाचता नाचता सहज म्हणाली, “त्या तुझ्या बाई पण सकाळपासून बसल्यात शेडमध्ये. लीलाबाई.”

रेणुकानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाव कुणी सांगितलं तुला?”

“त्यांनीच... नाही, त्यांनी नाही सांगितलं. कळलं आपलं. चहा दिला, पण घेतला नाही. सारखं एकच. जागा फार आवडली, मी पुन्हा येईन. घराकडे जायचं नाव नाही.”

“दिसतात कशा?”

“वयस्कर आहेत. करडं लुगडं, गळ्यात पोत. चेहरा...”

शेडमधल्या ठिबकच्या नळ्यांचा आवाज तेवढा येत राहिला, टप, टप.

“चेहरा होता ना, रेणुका,” ती सावकाश म्हणाली. “असणारच.”

रेणुकानं तो फोन ठेवून लगेच बाजीरावांना लावला. लीलाबाई मागल्या खोलीतच होत्या. सकाळपासून बाहेर आल्या नव्हत्या.

खंडाळ्यात एक आणि बेडशात एक. दोन म्हाताऱ्या असतील, रेणुका स्वतःला म्हणाली. पण ही गोष्ट तिला माळ्याच्या जिन्यावरून खाली उतरेपर्यंतच पटली. खाली चिमाबाई पुढच्या खोलीला रंग देत होत्या. धान्याच्या कणग्या हलवल्या होत्या, नवी चादर घडी घालून ठेवली होती.

“पुढच्या आठवड्यात पाव्हणं येत्याल न्हवं का?” चिमाबाई कुंचला झटकत म्हणाल्या. “म्हनलं, पयला पाव्हना आपल्याच घरी उतरावा.”

रेणुकाला पहिला पाहुणा कोण ते दिसलं. ज्या वेबसाइटला तिचा हात लागेल तिथं लीलाबाई येणार. म्हणजे ह्या खोलीत येणार, ह्या चादरीवर बसणार, आणि सासूबाई त्यांना भाकरी वाढणार. लाँच रद्द करावं तर गाव हसणार आणि चिंचवडची बस दारात उभी राहणार. रद्द न करावं तर हे.

तिनं लॅपटॉप पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि खंडाळ्याची वाट धरली.

४

भरदुपारी खंडाळ्यात असं धुकं होतं की कुत्री एकमेकांना विचारून भुंकत होती. बंगल्यावर बाजीराव आडवेच आले.

“घालवू नका वो ताई. लक्ष्मी हाय ती. पाऊल टाकलं आन बंगला भरला.”

“बंगला माझ्या वेबसाइटनं भरला, भाऊ,” रेणुका म्हणाली. भीती होतीच, पण हे ऐकून तिचा जीव खरा चिडला. रात्रीचा दिवस करून पानं तिनं बनवायची आणि नाव ह्या बाईचं व्हायचं?

मागच्या व्हरांड्यात शालन केर काढत होती. बंगल्याची साफसफाई तिच्याकडं.

“जावा की आत,” ती खाली मान घालून म्हणाली. “फकस्त वर बघू नका.”

“का गं?”

“म्या न्हाई बघत. पायाकडं बघायचं, केर काढायचा, भायेर पडायचं. इचारलंच कुनी तर सांगायचं, बाई चांगल्या हायेत.”

मागची वाट अरुंद होती. फरशीला ओल सुटली होती आणि शेवटच्या दाराखालून उजेडाची नुसती एक रेघ येत होती. रेणुका दाराबाहेर फरशीवरच बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला. फोनवरून नेट जोडलं, रेंजची एकच काडी आली.

आतून आवाज आला.

“जागा फार आवडली.”

आवाज बाईचाच होता, पण कधी वापरलेला नव्हता. नव्या कापडाला असते तशी खळ होती त्याला. मग गप्प. मग, “मी पुन्हा येईन.” आणि त्यानंतर एक मोठी पोकळी, जिच्यात कुणीतरी तोंड उघडून, पुढचं वाक्य शोधून, न सापडल्यामुळं पुन्हा मिटल्यासारखं वाटलं. मग परत पहिल्यापासून, “जागा फार आवडली.”

हे ऐकता ऐकता रेणुकाला कळलं. लीलाबाई जात नव्हत्या, कारण त्यांना जाता येत नव्हतं. जाण्याचं वाक्य त्यांना कुणी दिलंच नव्हतं. आवडायचं आणि पुन्हा यायचं, एवढ्यावरच त्यांना जगात सोडलेलं. तसं सोडणारी दाराबाहेर बसली होती.

ही तर माझ्या कामातली चूक, रेणुका मनात म्हणाली. आणि चूक म्हटल्यावर तिनं लॅपटॉप नीट पुढ्यात ओढला. चुका दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं अभिप्राय उघडला, ‘मी पुन्हा येईन’ खोडलं, आणि लिहिलं, ‘राहून झालं. आता निघते.’

सेव्ह.

आतला आवाज अर्ध्यात तुटला. मग हळू, अडखळत, नवीन घास तोंडात फिरवून बघावा तसं...

“राहून... झालं.”

कडी वाजली.

५

रेणुकानं शालनचं ऐकलं. नजर फरशीवरून हलवली नाही. दार उघडलं. करड्या लुगड्याचा काठ शेजारून गेला. पावलं कोरडी होती. ओल्या फरशीवरून गेली तरी ठसा उमटला नाही.

पण पावलं फाटकाशी जाऊन थांबली आणि थांबूनच राहिली. रेणुका लॅपटॉप पोटाशी धरून व्हरांड्यात आली. धुक्यात पाठमोरी आकृती उभी होती. ती एकदा घाटाकडे वळे, एकदा रस्त्याकडे, एकदा पुन्हा बंगल्याकडे.

“निघते” म्हटलं होतं, पण कुठं ते लिहिलं नव्हतं.

आकृती बंगल्याकडे वळली आणि वळलेलीच राहिली. एक पाऊल आली. आणि त्या घाईत रेणुकाची नजर वर गेली, गेलीच. लुगडं, पोत, खांदे, मान. त्यावर इंद्रायणीच्या पात्रातल्या गोट्यासारखं काहीतरी गोल, करडं. ते रेणुकाकडे बघत होतं. कशानं बघत होतं, ते देव जाणे.

रेणुकानं नजर पाडली आणि बोटांना सुचेल ते लिहिलं. बाई कुठली, गाव कुठलं, काही माहीत नसताना निघालेल्या बाईला कुठं पाठवायचं? मावळातली कुठलीही बाई लिहील तेच तिनं लिहिलं. ‘आता माहेरी जाते.’

सेव्ह. रेंजची काडी गेली, आली, आणि वाक्य पोचलं.

पुढं बघायचं धाडस तिला झालं नाही. पण तिनं ऐकलं. पाय वळले. त्यांची अडखळ मोडली. आणि वाट पाठ असलेल्या बाईची पावलं, भराभरा, जवळजवळ धावत, उतारावरून निघून गेली.

बाजीराव दोन दिवस सुतक पाळल्यासारखे बसले. पण बुकिंग काही कमी झालं नाही, उलट दिवाळीपर्यंतचं भरलं. मग मात्र त्यांनी रेणुकाला फोन करून कबूल केलं, “ताई, लक्ष्मी तुमचाच लॅपटॉप हाय.” राजेश्वरीच्या शेडमधली खुर्चीही त्याच दुपारी रिकामी झाली होती, आणि गुलाब तसेच हातोहात जात होते. म्हणजे करणी रेणुकाच्याच हाताची होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. ह्या विजयात तिनं भाज्याची पानं अशी झपाट्यानं उभी केली की माळ्यावरच्या पाली तिला वाट देऊन चालायला लागल्या. जुना साचा तिनं मोडून टाकला. नव्या वेबसाइटीत करडं डोकं कुठंही नव्हतं.

६

भाज्यात लाँचचा दिवस म्हणजे जत्राच. चिमाबाईंच्या अंगणात पाट मांडला, पाटावर लॅपटॉप. मुक्कामाची घरं ज्यांची, त्या सगळ्या बायका नव्या साड्या नेसून आल्या. नवरा पाळी बदलून आला. बटणाचा मान चिमाबाईंचा. त्यांनी आधी देव्हाऱ्याला, मग विसापूरला, मग लॅपटॉपला नमस्कार केला आणि एका बोटानं एंटर दाबला.

भाज्याची वेबसाइट जगात गेली.

गुलाल उडाला. मोबाइल खणाणला, पहिलं बुकिंग! मग दुसरं, लगेच तिसरं. बायका ओरडल्या, “आगं, माझ्या घराचं हाय! पुन्याची माणसं!” नवरा जवळ येऊन कानात म्हणाला, “चिंचवडची खोली नको सांगून टाकतो मालकाला. ह्या जन्मात नको.” रेणुकाला हसू फुटलं आणि रडूही फुटलं, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात दारातून चिमाबाईंची हाक आली.

“रेणुका! आगं हिकडं ये, कोन आलंय बघ! ह्ये माजं म्हायार हाय म्हंती.”

रेणुकाचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त आतलं हसू निघून गेलं.

उंबऱ्याबाहेर करडं लुगडं उभं होतं. गर्दी आपापल्या मोबाइलात मान घालून होती. कुणी वर बघत नव्हतं. चिमाबाईही बघत नव्हत्या. त्यांचं लक्ष हातातल्या भाकरतुकड्याकडं.

“आमच्या घरची लेक न्हाई ही,” त्या म्हणत होत्या, “तुज्याकडची असंल. आसू दे. म्हायेरवाशीन उंबऱ्यात हुबी ठेवू न्हाई.” त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर तांब्याभर पाणी घातलं. ते पाणी पायांवरून ओघळलं आणि ह्या वेळी मात्र जमिनीवर ओली पावलं उमटली. बारीक, बोटं नीट असलेली, बाईची पावलं. ती आत गेली. नव्या रंगाच्या खोलीत, नव्या चादरीवर जाऊन बसली.

रेणुकाला आता विचारायचं काही उरलं नव्हतं. लीलाबाईंचं माहेर दुसरं कुठं असणार होतं? ज्या घरात त्या घडल्या, ते हेच घर. आणि घडवणारी कोण, तेही लपलेलं नव्हतं. माळ्यावर जाऊन दोन बटणांत पुसून टाकता आलं असतं, पण खोलीभर फिरणारा तो कोरडा तळवा तिच्या कानात अजून होता.

“कुकू लाव तिला, वटी भर,” चिमाबाई करंडा तिच्या हातात देत म्हणाल्या. “म्या पाव्हन्यांचं बघती.”

खोलीत रंगाचा वास होता. बाहेरचा कल्लोळ भिंतीपलीकडून आल्यासारखा लांबून येत होता. लीलाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. काही बोलत नव्हत्या. माहेरी आलेल्या बाईला कुठं काय बोलावं लागतं?

रेणुका समोर बसली. करंड्यात बोट बुडवलं. मग तिला कळलं की कुंकू लावायचं तर कपाळ लागतं. आणि कपाळ शोधायचं तर वर बघावं लागतं.

तिनं वर बघितलं नाही. डोळे मिटले आणि हात पुढं केला. बोट टेकलं. गार होतं, गुळगुळीत, पाण्याखालच्या दगडासारखं. वर काही नाही, खाली काही नाही.

बाहेर कुणाचं तरी बुकिंग आलं असावं, टाळ्या कडाडल्या.

बोटाखाली काहीतरी हललं. अगदी बारीक. कातडी ओढली गेली आणि एक आठी पडली. उजेड पहिल्यांदा डोळ्यांवर येतो तेव्हा पडते तशी. मग तिच्या शेजारी दुसरी. तळहाताच्या खालच्या बाजूला, जिथं आत्तापर्यंत काहीच नव्हतं, तिथं ऊन ऊन श्वास लागला.

रेणुकानं बोट काढून घेतलं नाही. कुंकू नीट गोल यायला हवं होतं.